पेठेतला रस्ता चालणाऱ्यांसाठी मोकळा करायचा असेल तर

दरवर्षी नवरात्रात कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिराभोवतीचे रस्ते वाहनांसाठी बंद होतात. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत मिरजकर तिकटीपासून बिनखांबी गणेश मंदिर, महाद्वार रोड, पापाची तिकटी आणि गंगावेश असा पट्टा रात्रभर माणसांच्या ताब्यात असतो. गाडीविना हे रस्ते कसे चालतात, हे कोल्हापूरकरांना नव्याने शिकवण्याची गरज नाही. अडचण एवढीच की हे सारे बंदोबस्ताच्या बळावर चालते, आणि बंदोबस्त उठला की दुसऱ्या दिवशी सकाळी दुचाकींची रांग पुन्हा आपल्या जागी येते. आपल्या पेठेतला एखादा रस्ता किंवा बोळ वर्षभर, निदान दिवसातील ठरावीक तास, चालणाऱ्यांसाठी मोकळा राहावा असे ज्या रहिवाशांना, दुकानदारांना किंवा तालीम-मंडळांना वाटते, त्यांनी काम कोठून सुरू करावे, काय मोजावे, कोणाला भेटावे आणि काय लिहून घ्यावे, हे पुढे सांगितले आहे. माझे मत आधीच नोंदवतो. फरशी, दिवे आणि बाके ही या कामाची शेवटची पायरी आहे. माल कधी उतरणार, गाड्या कोठे लागणार आणि कोणाला आत सोडायचे, हे ज्या रस्त्यावर आधी ठरले नाही, त्या रस्त्यावर कितीही देखणी फरशी टाकली तरी वर्षभरात तिच्यावर दुचाकीच उभ्या राहतात.

रस्त्याची निवड

पहिल्या प्रयत्नात सबंध पेठ अंगावर घेऊ नये. दोन तिकट्यांमधला, म्हणजे दोन तिठ्यांमधला, दीडशे ते तीनशे मीटरचा तुकडा पुरेसा असतो. निवडताना दोन प्रश्नांची उत्तरे शोधावीत. या रस्त्यावर येणारी वाहने येथील दुकानांत, घरांत किंवा देवळात येतात, की केवळ पलीकडे जाण्यासाठी येथून जातात, हा पहिला प्रश्न. पलीकडे जाणाऱ्यांसाठी समांतर रस्ता आहे का, हा दुसरा. भाऊसिंगजी रोडसारख्या रस्त्याचा विचार करताना हा फरक लगेच समजतो: त्याच्या एका टोकाला भवानी मंडप आहे आणि दुसऱ्या टोकाकडे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सीपीआर. ज्या रस्त्यावरून रुग्णवाहिका धावतात तो पूर्ण बंद करण्याचा हट्ट धरू नये. तेथे पदपथ रुंद करणे, ओलांडण्याच्या जागा सुरक्षित करणे आणि रस्त्याकडेचे पार्किंग उठवणे एवढेच मागावे. याउलट गुजरीसारख्या सराफांच्या गल्लीत येणारा बहुतेक माणूस गुजरीतच आलेला असतो. असा रस्ता पहिल्या प्रयोगाला योग्य.

रस्ता ठरला की त्याची कागदावरची रुंदी आणि प्रत्यक्ष रुंदी या दोन्ही मिळवाव्यात. विकास आराखड्यातील रुंदी महापालिकेच्या नगररचना विभागाकडे असते, तर मिळकतींच्या हद्दी नगर भूमापन कार्यालयाच्या नकाशावर. प्रत्यक्ष रुंदी आपणच टेपने मोजावी, आणि तीही एका जागी नव्हे, दर दहा मीटरवर. कारण जुन्या पेठेत रस्ता बाटलीसारखा कोठे फुगतो, कोठे आवळतो. प्रत्येक मोजणीत भिंतीपासून भिंतीपर्यंतचे अंतर आणि पायऱ्या, ओटे, दुकानाबाहेर मांडलेला माल, विजेचे खांब, डीपी (विजेच्या वितरण पेट्या) आणि उभ्या गाड्या वगळून चालायला उरलेले अंतर, असे दोन आकडे लिहावेत. पुढच्या प्रत्येक बैठकीत याच दोन आकड्यांमधला फरक बोलतो.

मोजणी

मोजणीशिवाय गेलेल्या शिष्टमंडळाला चहा मिळतो, पत्र मिळत नाही. मोजणीसाठी यंत्र लागत नाही. वही, घड्याळ आणि पाळीपाळीने बसणारी चार माणसे लागतात. एक साधा दिवस, एक रविवार आणि एक मंगळवार किंवा शुक्रवार असे तीन दिवस घ्यावेत, कारण देवीच्या वारांना मंदिर परिसरातली गर्दी वेगळी असते. प्रत्येक दिवशी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी एकेक तास, दर पंधरा मिनिटांची वेगळी नोंद ठेवून, एका ठरावीक रेषेवरून गेलेली माणसे, दुचाकी, रिक्षा, मोटारी, टेम्पो आणि हातगाड्या मोजाव्यात. चालणाऱ्यांत वृद्ध, लहान मूल हाताशी असलेले आणि काठी किंवा चाकाची खुर्ची वापरणारे यांची वेगळी खूण करावी.

मोजायला बसलेल्याला डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टीही लिहिता आल्या पाहिजेत. मंदिराजवळच्या एका कोपऱ्यावर संध्याकाळी बसलो असताना मी एका आजींना पाहत होतो. एका हातात ओटीचे ताट, दुसऱ्या हातात पिशवी. पदपथावर चढायला त्यांनी पाय उचलला, पायरी गुडघ्याला झेपण्याइतकी नव्हती, म्हणून त्या परत खाली उतरल्या आणि उभ्या दुचाकींच्या हँडलांमधून वाट काढू लागल्या. एका आरशात पदर अडकला. तो सोडवेपर्यंत मागून रिक्षाचा हॉर्न. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथाची कड रस्त्यापासून 150 मिलिमीटरपेक्षा उंच नसावी, चालण्याची मोकळी रुंदी निदान 1.8 मीटर असावी आणि व्यापारी भागात ती 2.5 मीटर असावी. आजींनी जो पदपथ सोडला त्याची उंची दुसऱ्या दिवशी पट्टीने मोजली, आणि आमच्या अर्जाचे पहिले वाक्य मिळाले.

रस्ता ओलांडण्याचेही असेच गणित आहे. साधारण माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असे धरतात, म्हणजे 12 मीटरचा रस्ता त्याला दहा सेकंदांत ओलांडता येतो, सेकंदाला 0.8 मीटर चालणाऱ्या वृद्धाला त्यासाठी पंधरा सेकंद लागतात. पार्किंगच्या वादात आणखी एक हिशेब कामी येतो. एका मोटारीसाठी पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते, आणि तेवढ्यात सहा दुचाकी बसतात. दुकानासमोर मोटार उभी राहू न दिल्यास गिऱ्हाईक तुटेल असे म्हणणाऱ्या दुकानदाराला, त्याच्याच दारात एका संध्याकाळी किती गिऱ्हाइके मोटारीतून उतरली आणि किती चालत आली, हे त्याच्याच हाताने मोजायला लावावे. आपण मोजून सांगितलेला आकडा त्याला पटत नाही, स्वतः मोजलेला पटतो.

बोलणी

सार्वजनिक सभा सर्वांत शेवटी घ्यावी. आधी घरोघर आणि दुकानोदुकान जावे, कारण सभेत मोठ्या आवाजाचा माणूस सर्वांच्या वतीने बोलतो आणि माडीवर राहणारी, गुडघेदुखीने न उतरणारी बाई कोणाच्याच लक्षात येत नाही. जाताना ‘रस्ता बंद करायचा का’ असा प्रश्न कधीही विचारू नये. त्याचे उत्तर नाही असेच येते. तुमच्याकडे माल कोणत्या वेळी येतो, गॅस सिलिंडरची गाडी कोठे थांबते, घरातल्या आजारी माणसाला रात्री कसे नेता, तुमची दुचाकी रात्री कोठे असते, दारात पाणी तुंबते का, असे विचारावे. लोक या प्रश्नांना मन मोकळे करून उत्तर देतात, आणि त्या उत्तरांतूनच वेळापत्रक तयार होते.

कोणाकोणाला विसरले जाते, याचा माझा अनुभव असा. माडीवरचे भाडेकरू विसरले जातात, कारण आपण घरमालकाशी बोलून परततो. रिक्षा थांब्यावरचे चालक विसरले जातात, आणि मग विरोधाचा पहिला मोर्चा त्यांचाच निघतो. सराफी पेढ्यांचे मालक रात्रीच्या सुरक्षेबद्दल काळजीत असतात; गस्तीची गाडी आत येऊ शकेल का, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. खण-नारळ, हार-फुले आणि ओटीचे साहित्य विकणाऱ्या बायका पहाटेपासून बसलेल्या असतात, त्यांच्याकडे संध्याकाळच्या सभेला यायला वेळ नसतो. त्यांना त्यांच्या जागीच भेटावे.

आणि म्हशी. बाहेरगावच्या सल्लागाराच्या नकाशावर हा मुद्दा कधीच नसतो, म्हणून येथे थोडे थांबतो. गंगावेशीसारख्या ठिकाणी संध्याकाळी दुधाच्या कट्ट्यावर म्हशी आणून बांधतात आणि समोर धार काढून ग्लासात धारोष्ण दूध देतात. रस्ता पादचाऱ्यांचा करताना हा कट्टा अस्वच्छता म्हणून हलवा असे सुचवणारा कोणीतरी निघतोच. माझ्या मते ज्या रस्त्यावरून कट्टा गेला तो रस्ता संध्याकाळी मोकळा नव्हे, ओस होतो. म्हशीला घसरणार नाही असा खडबडीत दगडी पट्टा, शेण-मूत्र धुऊन काढायला पाण्याचा नळ, त्या पाण्याला पावसाच्या गटारात न जाता ड्रेनेज लाईनला मिळण्याची सोय, आणि ग्लास हातात घेऊन उभे राहायला दोन हात रुंद जागा, एवढे अंदाजपत्रकात घातले की प्रश्न सुटतो.

फेरीवाल्यांच्या बाबतीत मात्र सद्भावना पुरत नाही, कायदा माहीत असावा लागतो. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, 2014 नुसार प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असते. तिचे निदान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांतील एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. विक्रेत्यांचे सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही उठवता येत नाही. त्यामुळे ‘रस्ता मोकळा करा’ या मागणीत ‘फेरीवाले हटवा’ हे वाक्य चुकूनही घालू नये. चालण्याची पट्टी आणि विक्रीची पट्टी वेगवेगळी आखा आणि त्यासाठी समितीची बैठक बोलवा, अशी मागणी करावी. अनुभव सांगतो की गाड्या हटल्यावर दोन्ही पट्ट्यांना जागा उरते. गाड्या तशाच ठेवून फेरीवाले हटवले की त्या जागी आणखी गाड्या येतात.

वेळापत्रक

हा सबंध कामाचा कणा आहे. दिल्लीच्या चांदणी चौकात लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद या रस्त्याचे रूप 2021 मध्ये पालटले, तेव्हा मोटार वाहनांना सकाळी 9 ते रात्री 9 बंदी ठेवली आणि मालाची ने-आण रात्रीवर ढकलली. कोल्हापुरात हेच घड्याळ उचलून आणता येणार नाही. येथे कपिलतीर्थ मंडईचा भाजीपाला पहाटे येतो, मंदिरातली गर्दी सकाळपासून असते, दुपारी रस्ता काहीसा सैलावतो आणि संध्याकाळी पाचनंतर पुन्हा दाटतो. म्हणून आमच्याकडे बोलण्यांतून जे वेळापत्रक पुढे आले ते तीन तुकड्यांचे होते: पहाटेपासून सकाळी नऊपर्यंत माल उतरवायला मुभा, दुपारी एक ते चार लहान टेम्पो आणि सिलिंडरच्या गाडीला मुभा, आणि बाकी वेळ रात्री दहापर्यंत फक्त चालणारे, सायकली व हातगाड्या. आपल्या रस्त्याचे तुकडे वेगळे असतील. तुकडे तीनपेक्षा जास्त करू नयेत, कारण लोकांना ते लक्षात राहत नाहीत आणि चौकातल्या हवालदारालाही.

मुभेची यादी लिहूनच काढावी. रुग्णवाहिका, अग्निशमन दल, पोलीस गस्त आणि शववाहिका यांना कोणत्याही वेळी प्रवेश, हे सांगावे लागू नये, तरी लिहावे. घंटागाडीची वेळ आरोग्य विभागाशी बोलून माल उतरवण्याच्या वेळेत बसवावी. रस्त्यावर राहणाऱ्या कुटुंबांना घरफाळ्याची पावती किंवा भाडेकरार पाहून वाहनाचा पास द्यावा. भाडेकरूला मालकाची सही मागू नये, त्यातून निष्कारण भांडणे होतात. लग्नकार्य, घराची दुरुस्ती, सामान हलवणे यांसाठी एका दिवसाचा पास कोण देणार, हेही आधी ठरवावे. चालता न येणाऱ्या भाविकांसाठी शेवटच्या वाहनतळापासून मंदिरापर्यंत विजेवरची गाडी मागावी, आणि ती सुरू होईपर्यंत एका ठरावीक जागेपर्यंत रिक्षाला सोडावे.

वाहनतळाचा प्रश्न सभेत सर्वांत आधी येतो आणि उत्तर मात्र सर्वांत उशिरा मिळते. बाहेरगावच्या गाड्यांना बिंदू चौक किंवा दसरा चौकातच थांबवून तेथून चालत आणायचे असेल, तर वाट दाखवणारे फलक वाहनतळापासून सुरू झाले पाहिजेत. आज बहुतेक फलक मंदिराजवळ येऊन सांगतात की पार्किंग मागे राहिले. फलकावर अंतर मीटरऐवजी चालण्याच्या मिनिटांत लिहावे. वाटेत स्वच्छतागृह, विशेषतः महिलांसाठी, आणि पिण्याचे पाणी असावे. हे नसले तर लोक गाडी दारापर्यंत आणण्याचा हट्ट धरतात आणि त्यांचे काही चुकत नाही.

परवानगी आणि महिनाभराचा प्रयोग

रस्ता महापालिकेचा, वाहतूक पोलिसांची. ही विभागणी लक्षात न घेतल्याने कित्येक अर्ज एका कचेरीतून दुसरीकडे फिरत राहतात. पदपथ, फरशी, गटार आणि दुरुस्ती यांसाठी शहर अभियंत्यांकडे जावे, आणि किरकोळ डागडुजीसाठी पवडी विभागाकडे. दुकानाबाहेरच्या पायऱ्या, छपऱ्या आणि अतिक्रमण यांसाठी अतिक्रमण विभाग असतो. वाहनांना मनाई, एकेरी वाहतूक आणि पार्किंगचे सम-विषम दिवस यांसाठी शहर वाहतूक शाखेमार्फत जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे जावे लागते. एकच अर्ज या सर्वांना प्रतींसह द्यावा, प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा, आणि अर्जाच्या शेवटी संयुक्त स्थळ पाहणीची तारीख मागावी. सगळे खाते-प्रमुख एकाच वेळी रस्त्यावर उभे राहिले की तासाभरात जे ठरते ते सहा महिन्यांच्या पत्रव्यवहाराने ठरत नाही. उत्तर न आल्यास महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनात विषय मांडता येतो. कागदपत्रे हवी असतील तर माहितीच्या अधिकाराखाली 10 रुपयांच्या शुल्कासह अर्ज करावा; त्यावर 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

नागरिकांना फारशी माहीत नसलेली एक सवलत कायद्यात आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 115 नुसार सार्वजनिक सुरक्षेसाठी किंवा सोयीसाठी एखाद्या रस्त्यावर वाहनांना मनाई करता येते, आणि ती मनाई एक महिन्यापेक्षा अधिक काळाची नसेल तर राजपत्रात अधिसूचना काढण्याची आवश्यकता नसते, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणून पहिल्या अर्जात कायमची मनाई मागू नये. एक महिन्याचा प्रयोग मागावा. अधिकाऱ्याला होकार देणे सोपे जाते, विरोधकाला ‘महिनाभर पाहू’ म्हणता येते, आणि आपल्यालाही आपले वेळापत्रक कोठे चुकले ते कळते. याहून छोटी सुरुवात हवी असेल तर एक दिवसही चालतो. पुण्यात 11 डिसेंबरला पादचारी दिन पाळतात आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावरची वाहने बंद ठेवून तेथे लोकांना फिरू देतात.

प्रयोगाच्या महिन्यात काहीही बांधू नये. फक्कीने पट्ट्या आखाव्यात, टोकांना पिंपात वाळू भरून लावलेले खांब आणि दोर असावेत, मध्ये हलवता येणाऱ्या कुंड्या. प्रवेशाच्या दोन्ही टोकांना पहिले दहा दिवस तालमीची किंवा मंडळाची पोरे पाळीने उभी राहिली पाहिजेत; त्यांना अडवण्याचा अधिकार नसतो, फक्त सांगण्याचा असतो, आणि हे त्यांना आधी नीट समजावावे लागते. एका टोकाला पोलीस कर्मचारी मिळावा असा लेखी आग्रह धरावा. अग्निशमन दलाला विनंती करून त्यांची मोठी गाडी गर्दीच्या वेळी एकदा प्रत्यक्ष आत आणून, वळवून पाहावी. कुंडी कोठे आड येते आणि छपरी कोठे लागते, हे नकाशावर दिसत नाही. पहिल्या आठवड्यात विक्री घटल्याची तक्रार येणारच. तिला उत्तर देत बसू नये. दुकानदारांना रोजची नोंद त्यांच्याच वहीत ठेवायला सांगावी आणि चौथ्या आठवड्यात विचारावे. त्याच रेषेवर, त्याच वेळांना, त्याच पद्धतीने पुन्हा मोजणी करावी. शेजारच्या गल्लीत वाहने वाढली का, हेही मोजावे. आपला रस्ता शांत करून शेजाऱ्याच्या दारात हॉर्न नेऊन ठेवणे हा काही सुधार नव्हे.

बांधकाम

प्रयोग लोकांना मानवला की मगच फरशीचा विषय काढावा, आणि काढताना जमिनीखालून सुरुवात करावी. आमच्या बोळात काही वर्षांपूर्वी नवे पेव्हर ब्लॉक बसले, लोकांनी दारात रांगोळ्या काढल्या, आणि तीन महिन्यांत पाण्याच्या जोडणीसाठी मधोमध चर पडला. बुजवला तेव्हा ब्लॉक उलटसुलट बसले, आणि पुढच्या पावसात तेथे जी खळगी झाली ती आजही आहे. कोणाचे चुकले हे विचारण्यात अर्थ नव्हता, कारण कोणी कोणाला विचारलेच नव्हते. म्हणून पाणीपुरवठा, ड्रेनेज, महावितरण, गॅसवाहिनी आणि दूरसंचार कंपन्या यांच्याकडून येत्या पाच वर्षांत या रस्त्यावर खुदाई करायची आहे का, हे लेखी घ्यावे, आणि असल्यास ती आधी उरकून घ्यावी. केबलसाठी रिकामे पाइप आडवे टाकून ठेवणे अगदी स्वस्त पडते.

दिवस कोणते निवडायचे हे आपल्या पंचांगावर अवलंबून आहे. जून ते सप्टेंबर पाऊस, त्यातच गणेशोत्सव, मग नवरात्र आणि दिवाळी. परंपरेने 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी हे किरणोत्सवाचे दिवस. चैत्रात जोतिबाची यात्रा आणि तिच्या दुसऱ्या दिवशी अंबाबाईचा रथ. म्हणजे मंदिर परिसरात नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंतचे दोन-अडीच महिने तेवढे सलग मिळतात. कार्यादेश त्याआधी हातात पडायचा असेल तर निविदा पावसाळ्यातच निघाली पाहिजे, आणि निविदेसाठीची तरतूद त्याआधीच्या अंदाजपत्रकात बसली पाहिजे. मागणी करणाऱ्यांनी हे उलटे गणित मांडूनच जावे.

किरणोत्सवाचा संबंध केवळ तारखांशी नाही. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येऊन गाभाऱ्यातील मूर्तीपर्यंत पोहोचतात, आणि वाटेतला एखादा फलक किंवा टाकीही त्यांच्या आड येते. महाद्वारासमोरच्या पट्ट्यात उंच दिव्याचा खांब, स्वागत कमान, मोठे झाड किंवा छत्री उभारण्यापूर्वी त्या तीन दिवसांत तेथे उभे राहून पाहावे. तीच गोष्ट रथाची, आणि विसर्जन मिरवणुकीतल्या उंच मूर्तींची: रस्त्याच्या मधोमध कायमचा खांब, कारंजे किंवा चौथरा नको. वाहने अडवायचे खांब काढता-घालता येण्यासारखे, कुलपाचे असावेत, आणि किल्ली अग्निशमन दलाकडे, पोलीस चौकीत आणि पेठेतील एका ठरलेल्या घरी अशा तीन जागी असावी.

फरशीच्या बाबतीत चकाकीला भुलू नये. गुळगुळीत ग्रॅनाइट पहिल्या पावसात माणसांना पाडते. आपल्याकडचा काळा दगड टाचणी करून, म्हणजे पृष्ठभाग खडबडीत ठेवून, लावला तर पिढ्या टिकतो. जुन्या वाड्यांच्या चौकांत तो आजही आहे. खर्च झेपत नसेल तर पेव्हर ब्लॉक चालतील, पण रस्ता पादचाऱ्यांचा असला तरी त्यावरून बंब आणि मूर्तीचा ट्रॅक्टर जाणार आहे हे धरून 80 मिलिमीटर जाडीचे घ्यावेत. 60 मिलिमीटरचे केवळ हलक्या वाहतुकीला पुरतात. दोन्ही कडांना काँक्रीटची घट्ट पट्टी नसेल तर ब्लॉक पसरतात, फटी पडतात आणि टाच अडकते. उतार मीटरला दोन सेंटिमीटर, गटाराच्या दिशेने. चेंबरची झाकणे फरशीच्या पातळीत. रस्ता आणि पदपथ एकाच पातळीत आणायचे ठरल्यास दुकानांच्या उंबऱ्यांची उंची आधी मोजावी, नाहीतर पावसाचे पाणी थेट दुकानात जाते आणि सगळा प्रकल्प त्या एका दुपारी बदनाम होतो. पातळी बदलते तेथे 1:12 पेक्षा तीव्र नसलेला उतार आणि दृष्टिहीनांसाठी उठावाच्या पट्ट्या द्याव्यात. त्या पट्ट्या डीपीवर जाऊन आपटणार नाहीत, हे पाहावे. हसण्याची गोष्ट नाही, असे झालेले मी पाहिले आहे.

एक सूचना खास आपल्या शहरासाठी. दरवर्षी मंडपासाठी रस्त्यात खड्डे घेतले जातात आणि दरवर्षी ते कसेबसे बुजवले जातात. फरशी टाकतानाच मंडळांशी बोलून, मंडपाच्या खांबांच्या जागी जमिनीत लोखंडी नळ्या काँक्रीटमध्ये बसवून त्यांवर झाकणे लावली, तर पहार लावण्याची गरजच पडत नाही. नळीचा व्यास आणि अंतर मांडववाल्याला विचारावे, अभियंत्याला नव्हे.

काम सुरू असताना अंदाजपत्रकाची प्रत पेठेत कोणाकडे तरी असावी. त्यात खडीचा थर 15 सेंटिमीटर लिहिला असेल तर झाकण्यापूर्वी पट्टी लावून छायाचित्र काढावे. झाकल्यानंतर वाद घालण्याला काही आधार उरत नाही. दुकानदारांचा व्यवसाय बुडू नये म्हणून एका वेळी रस्त्याची एकच बाजू आणि तीही पन्नास मीटरच्या टप्प्यात उघडावी, आणि प्रत्येक दारात चरावर लोखंडी पत्रा टाकून द्यावा, ही अट निविदेतच असावी. ठेकेदाराने किती काळ दुरुस्ती स्वतःच्या खर्चाने करायची, म्हणजे दोषदायित्वाचा कालावधी, तो फलकावर तारखेसह रंगवून घ्यावा. पेठेतील एकाने त्या तारखेच्या दोन महिने आधी रस्ता चालून उखडलेले ब्लॉक, तुंबलेल्या जाळ्या, बंद दिवे आणि हललेले खांब यांची यादी छायाचित्रांसह शहर अभियंत्यांना द्यावी आणि पोच घ्यावी. ही फेरी भर पावसात घेता आली तर उत्तम, कारण पाणी कोठे थांबते ते उन्हाळ्यात कोणालाच दाखवता येत नाही.